सतरा तारिणी, एक खुर्ची

"अरे मिस्त्री, आ तो साडी छे! मारी गाडीमांथी साडी नीकळी!"

रमणमास्तरांनी बारडोलीच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात घातला होता. शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या पोरांसाठी कमावलेला तो आवाज त्यांनी त्या दिवशी सुरतेत डिंडोलीच्या मैदानात पूर्ण मोकळा सोडला. शेजारच्या रुळांवरून मालगाडी चालली होती, ती दबकली. पलीकडे लिंबायतातले लूम, म्हणजे यंत्रमाग, जे कुणाच्या मरणालाही थांबत नसत, ते क्षणभर थांबले. मास्तर डोक्यावर ओला रुमाल टाकून आपल्या पांढऱ्या गाडीसमोर उभे होते आणि बॉनेटकडे बोट दाखवत होते. बॉनेटवर एक कोयरी उगवली होती. पोपटी, शेपूट वळवलेली, पदरावर असते तशी. बघता बघता तिच्या शेजारी दुसरी उमटायला लागली, मग तिच्या खाली बुट्ट्यांची एक रांग. एखाद्या पोराच्या अंगावर गोवर फुलावा तशी ती गाडी उन्हात फुलत होती.

"साडी नथी, मास्तर," आण्णा म्हणाले. "लेयर छे."

आण्णा म्हणजे माझे वडील, नामदेव मिस्त्री. एवढं बोलून त्यांनी खिशातलं फडकं काढलं आणि कोयरी पुसायला लागले. ती काय पुसली जाणार होती! मैदानात आणखी सोळा गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर काही ना काही उमटत होतं. मी त्यांच्या मागे, रिकाम्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. त्या खुर्चीवर कुणीही येऊन बसणार नाही, हे त्या अख्ख्या मैदानात फक्त मला माहीत होतं.

मी सांगते ते लोकांना खोटं वाटतं, आणि त्यांचं काही चुकत नाही. माझ्या गोष्टीतली मांजर दुसऱ्या दिवशी वाघ होते. चाळीस गाड्या होत्या असं मी आजवर सांगत आले. माय अकरा सांगायची. आण्णांनी मोजल्या होत्या त्या सतरा, आणि या प्रकरणात मी आण्णांचाच आकडा धरणार आहे. माझ्या थापेबाजीचं बिल एकदाच आलं आणि ते दुसऱ्याच माणसानं फेडलं. ते सांगताना तरी मोजमाप नीट असावं.

तारिणी हे त्या मोटारीचं नाव. आता ती कुणाला आठवत नाही. दक्षिणेतली एक कंपनी ती बनवायची आणि तिचं सगळं अंग फायबरचं होतं. लोखंड नाही तर गंज कसला, ही तिची मोठी जाहिरात. सुरतेत तर हे वाक्य मंत्रासारखं चाललं, कारण डुमसकडचा खारा वारा आणि खाडीची वाफ मिळून इथे लोखंडाची गाडी चार पावसाळ्यांत चाळणी करायची. उधना रस्त्यावर एका शेठनं काचेचं मोठं दुकान उघडलं आणि मधोमध लाल फीत बांधून एक तारिणी उभी केली. रविवारी लोक बायकापोरांना घेऊन ती काचेतून बघायला जात, वर खमणीची पुडी घेऊन घरी येत. वजनाला ती इतकी हलकी की चार माणसं तिला उचलून दुसरीकडे ठेवायची. एकदा जोराच्या वाऱ्यात एक तारिणी आपल्या दारातून निघून तीन घरं सोडून दुसऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि त्या घरच्यांनी तिला हार घातला. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण हार पाहिला.

आण्णा तोवर लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम चालता करणारे. शेठला गाड्यांच्या अंगाची दुरुस्ती करणारा माणूस हवा होता. हातोडीवाले डेंटर बोलावले तर त्यांनी पहिल्याच घावात गाडीला भोक पाडलं. फायबर ठोकत नाहीत. काचेच्या धाग्यांची चटई असते, तिला मॅट म्हणायचे. ती कापायची, रेझिनच्या चिकट रसायनात भिजवायची, एकावर एक थर द्यायचे, ब्रशनं हवा काढायची. हे काम लोहाराचं नाही, कापडवाल्याचं आहे, हे शेठच्या लक्षात आलं आणि त्यानं आण्णांना पंधरा दिवस कंपनीत शिकायला धाडलं. आण्णा परत आले ते निळा बॉयलर सूट घालून, छातीवर पितळेचा बिल्ला लावून. बिल्ल्यावर कंपनीची होडी होती. तिकडची फॅक्टरी केवढी, तर म्हणे एका टोकाला जेवणाची घंटा झाली की दुसऱ्या टोकाला ती संध्याकाळी ऐकू येते. तुम्हाला वाटेल ही माझी भर. नाही, ही आण्णांची. माझ्यात हे कुठून आलं ते बघायचं तर तिथे बघा. त्यांना शिकवणारे एक साहेब होते, त्यांनी आण्णांचा पहिला थर बोटानं चाचपला आणि म्हणाले, या माणसाच्या हाताला कापड कळतं. हे वाक्य आमच्या घरात मीठ-मिरचीसारखं रोजच्या ताटात असायचं.

घर म्हणजे लिंबायतात गल्लीच्या टोकाला दीड खोली. भिंतीपलीकडे चोवीस लूम. त्या खटखटीत आम्ही जन्मलो, रडलो, अभ्यास केला. खटखट थांबली की पाळण्यातली पोरं दचकून उठायची. आम्ही सगळे ओरडून बोलायचो, म्हणून माझं नाव कोकिळा ठेवलं असलं तरी आवाज पिठाच्या गिरणीसारखा. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती आणि शाळेत पुस्तकातलं मराठी, अशा चार तोंडांनी मी खोटं बोलू शकायचे. माय दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवायची. मार्केटमधून गठ्ठा यायचा, ती मांडीवर पदर ताणून सुईच्या टोकानं एकेक टिकली उचलायची आणि डिंकाच्या थेंबावर बसवायची. तिच्या केसांत, भाकरीत, आमच्या वह्यांत टिकल्या. आण्णा घरी आले की त्यांच्या अंगाला रेझिनचा वास, तिखट, नाकातून थेट कपाळात जाणारा. कळण्याच्या भाकरीवर तेल आणि ठेचा घेतला तरी पहिला घास रेझिनचाच लागायचा. पुढे सासरी मी पहिल्यांदा रेझिन नसलेली भाकरी खाल्ली, तर मला ती अळणी लागली.

तारिणीची चढती कमान किती टिकली, तर माझी सहावी ते नववी. मग दारांच्या बिजागऱ्या फायबरमधून उपटून यायला लागल्या. दार उघडलं की दार हातात. इंजिन तापायचं. दिल्लीकडची ती छोटी गाडी तोवर गल्लोगल्ली झाली होती, तिचा सुटा भाग पानाच्या टपरीवरही मिळायचा. तारिणीचे भाग आधी महिन्यानं यायचे, मग तीन महिन्यांनी, मग खोक्यात भलतेच भाग, मग खोकंच नाही. शेठ हुशार माणूस. एका सकाळी आण्णा कामावर गेले तर काचेच्या दुकानात मजूर रंग काढत होते. आठवड्यानं तिथे साड्यांचं दुकान उघडलं. जिथे तारिणी लाल फीत लावून उभी असायची, तिथे एक पुतळी बांधणी नेसून हात पुढे करून उभी राहिली. आण्णा बॉयलर सूट घालून रस्त्याच्या पलीकडून तिच्याकडे बघत राहिले. मी त्यांचा डबा द्यायला गेले होते. डबा त्यांनी उघडलाच नाही, तसाच घरी आणला.

त्यानंतर त्यांनी रुळांखालून जाणाऱ्या गरनाळ्याजवळ एक पत्र्याची शेड घेतली. आता जगात तारिणीचं अंग दुरुस्त करणारा एकच माणूस उरला होता, निदान तापी ते अंबिका या दोन नद्यांमधल्या जगात. बारडोलीहून, व्याऱ्याहून, नवसारीहून माणसं दोरीनं दारं बांधून यायची. रमणमास्तर पहिले. त्यांनी ती गाडी निवृत्तीच्या वेळी घेतली होती, पुढच्या सीटवर ते आणि मागे त्यांची पुस्तकं. अडचण मॅटची होती. काचेची मॅट मुंबईहून यायची ती बंद झाली, म्हणजे आण्णांना ती परवडेल अशी राहिली नाही. एक दिवस माय शेडवर भाकरी घेऊन गेली, आण्णा रिकामे बसलेले. तिनं विचारलं, ते रेझिन कापडावर बसत नाही का? लूमवरून उतरलेलं कोरं, बिनरंगाचं कापड, ज्याला इथे ग्रे म्हणतात, ते तर आमच्या गल्लीत पायपुसण्याला असायचं. आण्णांनी पॉलिस्टर ग्रेचे चार थर दिले आणि दुसऱ्या दिवशी त्यावर उभे राहून उड्या मारल्या. फुटलं नाही. त्या दिवसापासून लिंबायतचं कापड गाड्यांच्या अंगात जायला लागलं. गिऱ्हाइकांना मात्र आण्णा सांगायचे, कंपनीची मॅट आहे. अख्ख्या आयुष्यात त्या माणसानं बोललेलं एवढंच खोटं, आणि तेही कंपनीची अब्रू राखायला.

मी तेव्हा बारावीत इंग्रजी सोडून बाकी सगळ्यात नापास होऊन घरी बसले होते, त्यामुळे कंपनीला पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. आण्णा अहिराणीत सांगायचे, मी 'रिस्पेक्टेड सर' करून इंग्रजीत उतरवायचे. बिजागऱ्या अमुक, मॅट तमुक, आणि शेवटी दर वेळी एकच ओळ. "लिख," आण्णा म्हणायचे, "तठे आते कोन शे, ते कळवा." तिथे आता कोण आहे, ते कळवा. त्या एवढ्या मोठ्या फॅक्टरीत कुणीच नाही ही कल्पना त्यांना करवत नव्हती. जेवताना मध्येच ते मायला विचारायचे, "कोनी तरी व्हई ना तठे? दिवा लावाले तरी?" माय टिकली उचलताना म्हणायची, "तठला दिवा जाऊ द्या, आठे काय लावू ते सांगा."

मायचा राग उगाच नव्हता. गाड्या कमी व्हायला लागल्या होत्या, लोक त्या भंगारात द्यायला लागले होते. माझा मामा कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये होता. दिवाळीच्या सुमारास तो आला, फराळाच्या ताटातल्या शेवेला हात न लावता म्हणाला, "दाजी, जागा शे तठे. देखरेखनं काम, बसाले खुर्ची. सोमवारले या. सोमवार गया की जागा गयी." आण्णा म्हणाले, बघू. मायनं त्या रात्रीपासून आण्णांचा जुना शर्ट दोनदा धुतला, दोनदा इस्त्रीला दिला.

आणि शनिवारी पत्र आलं. तपकिरी पाकीट, कोपऱ्यात होडी.

आण्णांनी ते फोडलं नाही. नळावर गेले, कोपरापर्यंत हात घासले, रॉकेलनं नखांतलं रेझिन काढलं. मग ट्रंकेतून तो निळा बॉयलर सूट काढून घातला. तो आता त्यांना सैल होत होता. बिल्ला लावला आणि पाटावर मांडी घालून माझ्यासमोर बसले. पत्र ऐकायला बॉयलर सूट घालणारा माणूस मी पुढे कधी पाहिला नाही. माय दारात, हातात झारा. "कोकी, वाच," आण्णा म्हणाले. "बठ्ठं वाच." बठ्ठं म्हणजे सगळं.

तीन ओळी होत्या. मी त्या एका नजरेत वाचल्या. मग मी वर बघितलं, तो बिल्ला दिसला, आणि माझं तोंड आपोआप सुरू झालं. लोक विचारतात, खोटं बोलायच्या आधी तू काय विचार करतेस? काही नाही. शिंक येते तसं ते येतं. मी वाचलं, 'प्रिय नामदेव मिस्त्री. आपली सगळी पत्रं मिळाली. आपल्या हाताला कापड कळतं हे आम्ही विसरलेलो नाही.' आण्णांचा खालचा ओठ हलला. मग तर मला जोर चढला. 'कंपनी पुन्हा सुरू होत आहे. नवीन तारिणी येत आहे. दक्षिण गुजरातचं सगळं काम आपल्याकडे द्यायचं ठरलं आहे. आपण आजवर जगवलेल्या गाड्या बघायला साहेब जातीनं सुरतेला येतील.'

"कव्हय?" आण्णांनी विचारलं.

थापाड्याला अडखळणं परवडत नाही. "मे महिन्यातला पहिला रविवार," मी म्हणाले. दिवाळीत बसून मे महिना कुणाला दिसतो! मला वाटलं, तोवर काहीतरी होईल. काहीतरी म्हणजे काय, ते मी ठरवलं नव्हतं.

"खाले सही कोनी शे?"

"साहेबांची. तुम्हाला शिकवलं त्यांचीच."

आण्णांनी ते पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि बिल्ल्यामागच्या खिशात ठेवलं. मग मायकडे न बघता म्हणाले, "माले नही जानं कडोदराले." माय आत गेली. झारा कढईवर आपटल्याचा आवाज लूमच्या खटखटीतूनही आला. सोमवार गेला. ती खुर्ची धुळ्याकडच्या एका माणसाला मिळाली, आणि तो त्या मिलमधून अगदी आत्ता आत्ता मानानं निवृत्त झाला. मी त्याच्या सत्काराला गेले होते, पेढा खाल्ला.

त्या हिवाळ्यात मी आण्णांना जेवढं बोलताना ऐकलं तेवढं आधी किंवा नंतर कधी ऐकलं नाही. भंगारात निघालेल्या गाड्या त्यांनी सायकलवर जाऊन अडवल्या. व्याऱ्याच्या एका माणसाची तारिणी गोठ्यात होती, तिच्यात कडबा भरलेला. त्याला सांगून आले, काढ तो कडबा, साहेब येताहेत. रमणमास्तर नवी गाडी घ्यायला निघाले होते, दिल्लीवाली. आण्णांनी त्यांच्यापुढे छातीवरचा खिसा थोपटला, "मास्तर, कागळ आव्यो छे." मास्तर म्हणाले, बघू दे. आण्णांनी दिलं नाही. साहेब आले की बघा म्हणाले. मास्तरांनी नव्या गाडीचं मोडलं. एकेक करून सतरा गाड्या शेडमध्ये आल्या आणि नव्या अंगानं बाहेर पडल्या. रोज रात्री जेवताना आण्णा म्हणायचे, कोकी, पत्र वाच. आणि मी वाचायचे. शब्द मागेपुढे झाले तर ते मला दुरुस्त करायचे, कारण त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं पाठ झालं होतं. खरं सांगायची संधी रोज ताटाशेजारी येऊन बसायची. मी तिला रोज पाणी वाढायचे आणि उठून जायचे.

शेवटच्या चार गाड्यांना ग्रे पुरलं नाही. लूमवाला शेजारी कापडाचे तुकडे द्यायचा, त्यानंही हात आखडला. मायनं मग तिच्याकडच्या रिजेक्ट साड्या काढल्या, छापा हुकलेल्या, मार्केटनं परत न घेतलेल्या. पोपटी कोयऱ्या, राणी रंगाचे बुट्टे, जांभळ्या वेली. आधीच्या तेरा गाड्यांवरही जिथे थर पातळ वाटला तिथे त्याच साड्यांचे तुकडे गेले. रेझिनमध्ये भिजल्यावर छापा असा उठून दिसायचा की शेडमध्ये लग्नघर वाटायचं. आण्णा म्हणाले, वरून लांबीचा लेप आणि रंग दिला की संपलं. ग्रे कोरं असतं, साडी रंगवलेली असते, आणि पॉलिस्टरचा रंग रेझिनमध्ये विरघळून उन्हात वर चढतो, हे सुरतेच्या कुठल्याही डाइंगवाल्यानं सांगितलं असतं. कडोदऱ्याला गेले असते तर आण्णांनाही महिनाभरात कळलं असतं.

मग तो रविवार आला. मी ताप आणायचा प्रयत्न केला, काखेत कांदा धरून झोपले, पण मला नुसताच कांद्याचा वास आला. माय पहाटेपासून खापरावर मांडे करत होती. हो, तीच माय. साहेब येणार म्हटल्यावर तीही फिरली होती; कडोदऱ्याचं नाव तिनं टाकलं होतं आणि शेवभाजीचा रस्सा असा केला होता की वासानं रुळांपलीकडची कुत्री आली. मैदानात आण्णांनी सतरा गाड्या सुतात उभ्या केल्या. मधे एक मांडव, चार बांबूंचा, आणि त्यात एकच खुर्ची, पाठीवर नवा टॉवेल. शेजारी स्टुलावर सरबताचा पेला, वर बशी. आण्णा बॉयलर सूटमध्ये. साहेब दहाला येणार असं मीच कधीतरी सांगून बसले होते.

दहा वाजले. अकरा वाजले. बारा वाजता आण्णा मैदानाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, कपाळावर हात धरून. गाडीवाले मांडवाच्या सावलीत दाटीनं बसले, पण खुर्चीवर कुणी बसलं नाही. सरबत मायनं दोनदा बदललं. एक वाजता त्या बशीवर चहा उकळला असता. दोन वाजता रमणमास्तर उठून आपल्या गाडीकडे गेले, आणि मग तो आवाज आला.

आण्णांनी कोयरी पुसली, पुसली आणि थांबले. सगळे आपापल्या गाडीकडे धावले होते. कुणी हसायला लागलं, कुणी शिवी दिली. एक नवसारीवाला म्हणाला, मिस्त्री, ब्लाऊज पीस पण दिला असतास! मास्तर मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत आण्णांच्या अगदी समोर आले. "तमारा साहेब केटला वागे आवशे? छे कोई साहेब? कागळ बतावो!"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही. मुलीचं इंग्रजी आज सगळ्यांसमोर कामाला येणार, अशा नजरेनं. बिल्ल्यामागच्या खिशातून पत्र काढलं आणि मास्तरांच्या हातात दिलं.

मास्तरांनी चष्मा लावला. तीन ओळी वाचायला किती वेळ लागतो? त्यांना फार लागला. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग ते सरळ माझ्याकडे आले आणि हळू विचारलं, त्यांचा तेवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता, "बेटा, आ कागळ तें वांच्यो?" मी मानेनंच हो म्हटलं. त्यांनी पत्राची पहिल्यासारखीच घडी घातली आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटवली. मग आण्णांच्या खांद्यावर एकदा हात ठेवला, कोयऱ्यांच्या गाडीत बसले आणि निघाले. त्यांनी मांड्याचा तुकडाही तोंडात घातला नाही. त्यांचा आवाज बंद झाला तसे बाकीचेही गप्प झाले. एकेक तारिणी सुरू झाली, काही ढकलाव्या लागल्या, त्याही आण्णांनीच ढकलल्या. फुलाफुलांच्या त्या सतरा गाड्या डिंडोलीच्या रस्त्यानं वरातीसारख्या गेल्या, वाजंत्रीशिवाय.

त्यातली एकही पुन्हा शेडवर आली नाही. आण्णा पावसाळ्यापूर्वी लूमवर परत गेले, जॉबर म्हणून, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली. ते वारले तोवर तिथेच होते. बिल्ला आता माझ्याकडे आहे. होडी झिजून गेली आहे, पितळेची नुसती चकती उरली आहे.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. माय मांड्यांची चळत डोक्यावर घेऊन गल्लीत वाटायला गेली होती. टाकून कसं देणार! आण्णा मांडव सोडत होते. बांबू काढून झाले, दोरी गुंडाळून झाली, मग ते त्या खुर्चीपाशी आले आणि टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. मी मुठीतलं पत्र पुढे केलं. घामानं ते ओलं झालं होतं. म्हटलं, "आण्णा, मी खोटं वाचलं होतं."

आणि मी वाचलं, पहिल्यांदा, जसं होतं तसं. कंपनीचं काम कायमचं बंद झालं आहे. सुटे भाग मिळणार नाहीत. कृपया या पत्त्यावर पुन्हा लिहू नये.

मी त्यांनी मारायची वाट बघत होते. निदान ओरडायची. लूम खटखटत होते.

"सही कोनी शे?" त्यांनी विचारलं.

"सही नाही," मी म्हणाले. "नुसता शिक्का आहे."

आण्णांनी खुर्ची उचलून डोक्यावर घेतली.

"म्हंजे शिक्का माराले कोनी तरी शे तठे," ते म्हणाले.